आजाराच्या आधीचे पैसे

नोटा कुठून आल्या ते मला हातात घेतल्यावर कळतं. पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर मी तेवीस वर्षं बसते आहे. मार्केट यार्डातून आलेल्या नोटांना कांद्याचा नाहीतर मिरचीचा वास असतो. भिशीतून उचललेल्या नोटा दहाजणींच्या पर्समधून आलेल्या, म्हणून प्रत्येकीची घडी वेगळी. सोनाराकडून आलेल्या नोटा मात्र कोऱ्या असतात आणि त्या पुढे करणाऱ्या बाईच्या गळ्यात नुसती काळी पोत उरलेली असते. या तिसऱ्या प्रकारच्या नोटा मोजायला मला आजही जड जातं.

२०१८च्या पावसाळ्यात, रात्रपाळीला, एक हमालदादा आले. भुसार बाजारात पोती वाहणारे, पन्नाशीचे. बायकोच्या पित्ताशयात खडे होते, पू झालेला, ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. कॅज्युअल्टीत सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. पण वॉर्डात न्यायचं तर आधी चाळीस हजार डिपॉझिट, हा आमच्याकडचा नियम. त्यांच्याकडे अकरा हजार होते. सरकारी योजनेत आमचं रुग्णालय तेव्हा नव्हतं आणि तशा अवस्थेत बायकोला दुसरीकडे हलवायचा त्यांना धीर होईना. मी कॉम्प्युटरवर ‘अ‍ॅडव्हान्स पेंडिंग’ असं टाकलं. ते बाकावर बसून एकेकाला फोन लावत राहिले. पावणेतीनला त्यांचे मुकादम भिजत स्कूटरवर पैसे घेऊन आले. पावती फाडली, ट्रॉली हलली. मधे दोन तास पन्नास मिनिटं गेली होती. ती वेळ मला पाठ आहे, कारण नोंद माझ्याच हातची होती.

बाई बऱ्या झाल्या. डिस्चार्जच्या दिवशी फायनल बिल हातात घेऊन दादा म्हणाले, “ताई, माणूस आजारी पडल्यावरच का मागता एवढे? आधी मागितले असते तर महिन्याच्या महिन्याला दिले असते की. आमची लेव्ही नाही का भरली जात, तसे.”

मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळते आणि व्यापारी मजुरीवर वरची ठरावीक रक्कम, म्हणजे लेव्ही, भरतो. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी उभी राहते. सगळ्यांचे पैसे गरजेच्या आधी एका जागी जमतात, मग ज्याला लागतील त्याला मिळतात. ही गोष्ट गुलटेकडीच्या हमालाला स्वतःच्या अंगावरून माहीत होती. मी मात्र रोज पैसेच मोजत असूनही तिचा कधी विचार केला नव्हता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी थायलंडला गेले. धाकटा भाऊ चाकणच्या कंपनीतून तिकडे रायोंगला नोकरीला गेलेला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तीन आठवडे राहिले. त्याच्या इमारतीखाली एक बाई कच्च्या पपईची कोशिंबीर करून विकायची. खलबत्त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, लिंबू असं कुटून वर पपईचा कीस. माझ्याच वयाची असेल. तिच्या घराच्या दारात पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. एक फुटलेला होता आणि आत पारदर्शक द्रवाच्या पिशव्या दिसत होत्या. मी जागीच थांबले. त्या पिशव्या मी ओळखते. पोटाच्या डायलिसिसच्या, दोन लिटरच्या, दिवसातून चार वेळा लागतात. आमच्याकडे त्यांचं बिल मीच करते, आणि ते बिल भरता भरता रिकामी झालेली घरं मी पाहिली आहेत.

तिच्या आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. वहिनी थाई बऱ्यापैकी बोलते. तिला म्हटलं, विचार ना, महिन्याला किती पडतात. वहिनीने विचारलं. बाईने भलतंच काही सांगितलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तिला प्रश्नच कळत नाहीये. ती म्हणते, पिशव्या पोस्टमन आणतो.”

खरोखर पोस्टमनच आणतो. सरकारी औषध संस्था पिशव्या घेते आणि थायलंडचं पोस्ट खातं त्या रुग्णाच्या दारात पोचवतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे तिथल्या एका कायद्यामुळे होतं, आणि तेव्हापासून मी त्या कायद्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, पण हिशेब मला कळतो आणि हा कायदा मुळात हिशेबाचाच आहे.

त्याचं नाव राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा, २००२. लोक त्याला ‘तीस बाथ’ म्हणतात, कारण सुरुवातीला दर खेपेला फक्त तीस बाथ घ्यायचे असं ठरलं होतं. २००१च्या जानेवारीत तिथे निवडणूक झाली, जिंकलेल्या पक्षाने हे वचन दिलं होतं, एप्रिलमध्ये सहा प्रांतांत सुरुवात झाली आणि वर्षभरात देशभर पसरलं. कल्पना मात्र पक्षाची नव्हती. डॉ. सांगुआन नित्यारुम्फोंग हे गावाकडे काम केलेले सरकारी डॉक्टर. त्यांनी वर्षानुवर्षं छोट्या जागी प्रयोग करून आकडे गोळा केले आणि ते घेऊन पक्षांच्या दारी गेले. नवीन राज्यघटनेत पन्नास हजार सह्या जमवून नागरिकांना कायद्याचा मसुदा मांडता येत होता, तर स्वयंसेवी संस्थांनी त्याहून जास्त सह्या जमवल्या. एड्सचे रुग्ण, बायकांच्या संघटना, मजूर, सगळे त्यात होते. डॉ. सांगुआन पुढे कायद्याने स्थापन झालेल्या कार्यालयाचे पहिले महासचिव झाले आणि २००८च्या जानेवारीत फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याच महिन्यात डायलिसिस या योजनेत आलं. पपईवाल्या बाईच्या दारातले खोके त्या निर्णयाचे.

आता हिशेब. थायलंडमध्ये आधीपासून दोन व्यवस्था होत्या. सरकारी नोकर आणि त्यांच्या घरच्यांची एक, खाजगी कंपन्यांतल्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची दुसरी. माझा भाऊ या दुसरीत येतो. तेव्हा त्याच्या पगारातून महिन्याला ७५० बाथ जायचे, तेवढेच कंपनी घालायची. उरलेले सगळे, म्हणजे शेतकरी, फेरीवाले, मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, म्हातारे, लहान मुलं, साडेचार कोटींहून जास्त माणसं, २००२च्या कायद्याखाली आली. त्यांच्याकडून हप्ता घेतला जात नाही. पैसा सर्वसाधारण करांतून येतो. शेतमजुराकडून महिन्याला हप्ता गोळा करायला जेवढा खर्च येईल तेवढाही हप्ता जमणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. आणि गरीब कोण हे ठरवत बसायची भानगडही ठेवली नाही. दुसऱ्या दोन योजनांत नाही आणि देशाचा नागरिक आहे, बस. तेरा आकडी ओळख क्रमांक हाच पुरावा.

मग तो पैसा रुग्णालयाला मिळतो कसा, हे वाचताना मला हमालदादा आठवत राहिले. प्रत्येक माणसाचं नाव घराजवळच्या आरोग्य केंद्राशी आणि त्याच्या वरच्या तालुका रुग्णालयाशी जोडलेलं असतं. जेवढी नावं, तेवढा पैसा. २००२ साली माणशी वर्षाला १,२०२ बाथ धरले होते, त्या वेळच्या दराने साधारण साडेतेराशे रुपये. पुढे ही रक्कम वाढत तीन हजारांच्या वर गेली. यातला बाहेरच्या रुग्णांसाठीचा आणि लसी, तपासण्या वगैरे प्रतिबंधाचा वाटा डोकी मोजून दिला जातो. म्हणजे तुम्ही ठणठणीत असता, तेव्हाच तुमच्या नावाचे पैसे त्या रुग्णालयाकडे पोचलेले असतात. तुम्ही ताप घेऊन दारात उभे राहता तेव्हा काउंटरवरच्या बाईला तुमच्याकडून काही वसूल करायचं नसतं.

माझ्या मते या कायद्याचा जीव इथे आहे. लोक ‘फुकट’ हा शब्द वापरतात, तो मला पटत नाही. काहीही फुकट नाही. नूडल्स विकत घेणारा प्रत्येकजण कर भरतो आणि त्यातून हे चालतं. फक्त पैसे देण्याची वेळ बदलली आहे. आजार आल्यानंतर एका घराने सगळं देण्याऐवजी आजाराच्या आधी सगळ्या घरांनी थोडं थोडं दिलेलं आहे.

दाखल झालेल्या रुग्णांचा हिशेब वेगळा आहे. तो डोक्यांवर दिला असता तर रुग्णालयांनी अवघड रुग्ण टाळले असते. म्हणून आजार किती अवघड, त्याप्रमाणे प्रत्येक केसला गुण असतात आणि वर्षाच्या ठरलेल्या रकमेतून त्या गुणांप्रमाणे पैसे मिळतात. एकूण रक्कम आधीच ठरलेली असल्याने उगाच बिल फुगवून फायदा होत नाही, आणि केस खरीच अवघड असेल तर तोटाही फारसा होत नाही. डायलिसिस, एचआयव्हीची औषधं यांसाठी वेगळी तरतूद, कारण ती माणशी रकमेत बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट माझ्यासारखीला लगेच जाणवते. पैसे देणारं कार्यालय एक आणि रुग्णालयं चालवणारं आरोग्य मंत्रालय दुसरं, असं कायद्यानेच वेगळं केलं आहे. साडेचार कोटी माणसांच्या वतीने एकच खरेदीदार भाव करतो तेव्हा भाव उतरतो. आपल्याकडे याचा अनुभव मी एका आठवड्यात घेतला आहे. २०१७च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, साध्या धातूचा ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेला २९,६००. त्याच्या आधी आमच्याच रेटकार्डावर लाखाच्या वरचे स्टेंट होते. रातोरात यादी बदलली. वस्तू तीच, डॉक्टर तेच, फक्त किंमत ठरवणारा कुणी तरी पहिल्यांदा बोलला होता.

कायद्यात माझं सगळ्यात आवडतं कलम ४१वं आहे. उपचारात काही चुकलं, इजा झाली, तर चूक कुणाची हे सिद्ध व्हायच्या आधीच रुग्णाला किंवा घरच्यांना मदत मिळते. त्यासाठी रुग्णालयांना जाणाऱ्या रकमेतला एक टक्क्यापर्यंतचा भाग बाजूला ठेवता येतो. कोर्ट नाही, वकील नाही. माझ्या काउंटरसमोर ज्यांनी आरडाओरडा केला, त्यांतल्या कितीतरी जणांना डॉक्टरला तुरुंगात घालायचं नव्हतं. कुणीतरी ‘तुमचं नुकसान झालं’ एवढं मान्य करावं आणि घर सावरायला हात द्यावा, एवढंच त्यांना हवं होतं. शिवाय तक्रारीसाठी १३३० हा फोन नंबर आहे, आणि योजना चालवणाऱ्या मंडळावर नागरिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसतात. त्यांना तिथे बसायचा हक्क कायद्याने दिला आहे, मंत्र्याच्या मर्जीवर ते अवलंबून नाही.

हे सगळं एका कागदावरच्या सहीने झालं नाही, हेही सांगायला हवं. १९७२पासून तिथे नव्या डॉक्टरांना तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची आहे. १९८२ ते १९८६च्या योजनेत त्यांनी शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची नवी बांधकामं थांबवून तो पैसा तालुक्यांकडे वळवला. दहा लाखांच्या आसपास गावपातळीवरचे आरोग्य स्वयंसेवक आहेत, आपल्या आशाताईंसारखे. म्हणजे २००२ साली हक्क दिला तेव्हा तो वापरायला जागा होती. वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या आतल्या वाडीवर कार्ड दिलं आणि जवळ डॉक्टर नसला तर त्या कार्डाचं काय करायचं?

त्यांचंही सगळं गोड नाही. भाऊ दोनदा मला तिथल्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. गर्दी एवढी की पहाटे नंबर लावून दहाला बोलावणं येतं. कित्येक रुग्णालयं तोट्यात चालतात. परदेशी रुग्णांवर उपचार करणारी खाजगी रुग्णालयं चांगले डॉक्टर ओढून नेतात. पोटाच्या डायलिसिसऐवजी मशिनवरचं डायलिसिस हवं असेल तर वैद्यकीय कारण लागायचं, नाहीतर खर्च स्वतःचा. हा नियम २०२२पर्यंत तसाच होता आणि त्याने खूप घरांना त्रास झाला. आणि तिन्ही योजना एकत्र आणायची सोय कायद्यात असूनही सरकारी नोकरांवर माणशी होणारा खर्च पपईवालीवर होणाऱ्या खर्चाच्या कितीतरी वर आहे. हे मला अजिबात पटत नाही. तरीही ती बाई पिशव्यांच्या किमतीचा प्रश्न ऐकून गोंधळली होती, हे मी विसरू शकत नाही.

आणि हे सगळं श्रीमंत झाल्यावर केलेलं नाही. १९९७च्या आर्थिक संकटातून देश धड सावरलाही नव्हता. त्या वेळी त्यांचं दरडोई उत्पन्न दोन हजार डॉलरच्या घरात होतं. आज आपलं त्याहून जास्त आहे.

परत आल्यावर माझ्या काउंटरकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. आपल्याकडे काही नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. राज्याची योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नंतर आमचं रुग्णालयही त्यात आलं. खिडकीशेजारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल आहे. तिथे बसणारा मुलगा रात्री अकराला घरी जाऊनही फोनवर कागद तपासून देतो. बायपास झालेली, कर्करोगाची केमो घेतलेली माणसं एक रुपया न भरता घरी जाताना मी पाहिली आहेत, आणि त्या दिवशी मला घरी जेवण गोड लागतं. चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत द्यायच्या, हा उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशाने आलेला नियमही आहे. हे कुणाला माहीत नसेल तर कृपा करून माहीत करून घ्या. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं.

पण हिशेबाची वेळ बदललेली नाही. आपल्या योजनेत माणूस आधी आजारी पडतो, दाखल होतो, त्याचा आजार यादीतल्या पॅकेजमध्ये बसतो का ते पाहिलं जातं, मंजुरी मागितली जाते, उपचार होतात, नंतर क्लेम जातो आणि त्यानंतर पैसे येतात. पैसे उशिरा आले की रुग्णालयं हात आखडते घेतात. आणि दाखलच न होणारा आजार तर या हिशेबात येतच नाही. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब. महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांनी रक्ततपासणी, सहा महिन्यांनी डोळे. दाखल व्हावं लागत नाही, म्हणून योजना नाही. या गोळ्या परवडत नाहीत म्हणून अर्ध्या करून घेणारी माणसं आमच्या सोसायटीत आहेत. त्यांच्या किडन्या गेल्या की मग मात्र ती योजनेत बसतात.

२०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ६४ टक्के लोकांच्या खिशातून थेट जात होते, २०२१-२२ला ते ३९ टक्क्यांवर आले. सरकारी आकडा आहे, आणि सुधारणा खरी आहे. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून काउंटरवरच मोजले जातात. राजस्थानने २०२३च्या मार्चमध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशातला पहिला. खाजगी डॉक्टर संपावर गेले. त्यांचा एक प्रश्न होता, तातडीच्या रुग्णावर उपचार केले तर पैसे कोण आणि कधी देणार. त्या प्रश्नाला आडमुठेपणा म्हणून सोडून देता येत नाही. हक्क लिहिला पण आधी पैसे ठेवले नाहीत, तर बिलिंगवरची बाई आणि डॉक्टर दोघंही त्याच जागी अडकतात, जिथे मी २०१८च्या त्या रात्री अडकले होते.

ते हमालदादा गेल्या महिन्यात पुन्हा आले. आता पाठीवर पोतं घेत नाहीत, गाड्यांची नोंद ठेवतात. सोबत शेजारचा तरुण मुलगा होता, पाय सुजलेले. दादांनी दुधाच्या पिशवीत नीट गुंडाळून आणलेली कागदं माझ्यापुढे मांडली. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या दोन दोन झेरॉक्स. आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे ते मला विचारावंही लागलं नाही त्यांना.

डॉक्टरांनी मुलाला तपासलं आणि दाखल करायची गरज नाही म्हणाले. क्रिएटिनीन, युरिया या किडनीच्या रक्ततपासण्या, लघवीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, महिन्याच्या गोळ्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. आरोग्यमित्राने मान हलवली. कागद पुन्हा दुधाच्या पिशवीत गेले. दादा माझ्या खिडकीशी आले, म्हणाले, “किती होतात, ताई?” मी आकडा सांगितला. त्यांनी आणि त्या मुलाने आपापल्या खिशांत हात घातले आणि खिडकीच्या कडेवर नोटा एकावर एक ठेवायला सुरुवात केली.